तिरपीतला वारा

४ फेब्रुवारी

ऑफिसात पोचल्या पोचल्या नियतकालिकाच्या संपादकांचा मेल. एक शोधनिबंध आलाय, रेफरी म्हणून वाचाल का? लेखकाला तुमचं नाव कळणार नाही, वगैरे नेहमीचंच. असे मेल येत असतात. मी सारांश बघते आणि वेळ नाही म्हणून कळवून टाकते.

हा निबंध धाकटीचा आहे.

मी पीएचडीच्या शेवटाला आलेली असताना ती आमच्या सरांकडे आली. एका खोलीत टेबलाला टेबल लावून बसायचो. पहिल्या आठवड्यापासून मला ताई म्हणायला लागली, म्हणून ती धाकटी. आता ती बसने तीन-साडेतीन तासांवरच्या गावी एका लहानशा विभागात आहे, कंत्राटावर. मी इथे गटप्रमुख. फोन अधूनमधून होतात. पण सध्या ती कशावर काम करतेय हे तिने मला सांगितलं नव्हतं. मीही तिला सांगितलं नव्हतं.

निबंध 'तिरपी'वर आहे. खरं नाव म्हणजे लांबलचक क्रमांक. आम्ही गटात तिला तिरपी म्हणतो, कारण ती दीर्घिका दिसतेच कलंडलेली. तिच्या मध्यावर एक अजस्र कृष्णविवर आहे, ते सारखं वायू गिळत असतं, आणि खाणं इतकं सांडलवंडीचं की आत पडणाऱ्यातलं बरंचसं उलट बाहेर फेकलं जातं. असा वारा प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याने धावू शकतो. धाकटीचं म्हणणं, तिला तो तिरपीत सापडलाय.

आणि मे महिन्यात तिरपीकडे बघायची वेळ आमच्या गटाला मंजूर झालेली आहे. ह्याच वाऱ्यासाठी.

मेलच्या तळाशी एक ओळ होती: विषयाशी स्वतःचा हितसंबंध असल्यास कृपया नकार द्यावा. मी दोनदा वाचली. मग होकार दिला. दुसरा कुणीतरी वरवर चाळून फेकून देईल. मी निदान नीट वाचेन.

७ फेब्रुवारी

रविवार असून सकाळपासून निबंध घेऊन बसले होते. नवऱ्याने चहाचा कप पुढ्यात ठेवला. "एवढं काय आहे त्यात?"

तो भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याला जागं ठेवून काही समजावण्यात मजा येते. म्हटलं, तिरपीच्या मध्यातून क्ष-किरण निघतात. वाटेत वायू आला की त्यातले लोखंडाचे अणू ठरावीक ऊर्जेचे किरण गिळतात. आलेखात तेवढ्या जागी खळगा पडतो. वायू आपल्याकडे धावत येत असेल तर खळगा जागचा सरकतो. किती सरकला, त्यावरून वाऱ्याचा वेग.

"ॲम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखं. जवळ येताना आवाज चढतो."

"तसंच."

"मग हिला खळगा दिसलाय की नाही?"

"दिसलाय. पण बारीक आहे. नुसत्या गोंगाटातही असे खळगे पडतात."

"म्हणजे खरा की खोटा?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. शास्त्र म्हणून उत्तर बरोबर आहे. पण आलेख बघितल्याबरोबर मी ओळखलं होतं. इतकी वर्षं हेच बघतेय. खरा आहे.

२६ फेब्रुवारी

अहवाल पाठवला. दहादा लिहिला, दहादा तासला.

लिहिलं, की काम काळजीपूर्वक केलेलं आहे. परंतु क्ष-किरणांतल्या एका बारीक खळग्यावर एवढा मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. वारा खरा असेल तर अतिनील प्रकाशातही त्याची खूण मिळावी. तापलेल्या वायूतही थोडा हायड्रोजन शिल्लक असतो, तो त्याच वेगाला उथळसा खळगा पाडतो. तेव्हा क्ष-किरणांची आणि अतिनील अशा दोन्ही अवकाश दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षण करून दाखवावं. एकाच वेळी, कारण असे वारे बदलतात.

ह्यातलं एकही वाक्य चूक नाही. कुठल्याही जाणत्या माणसाने हेच मागितलं असतं.

दोन दुर्बिणी एकाच दिवशी एकीकडे वळवायच्या तर वर्षभर आधी अर्ज करावा लागतो. तो मी केलेला होता. मे महिन्यात त्या आमच्यासाठी वळणार आहेत. हे अहवालात लिहायला हवं होतं का? तसा रकाना नव्हता.

११ मार्च

धाकटीचा फोन. मी कँटीनच्या रांगेत होते, ताट तसंच ठेवून बाहेर आले.

"ताई, रेफरीने माझी पार वाट लावलीय."

मग तिने मला माझाच अहवाल वाचून दाखवला. माझी वाक्यं तिच्या तोंडून. मी मध्येमध्ये "हं", "अरे बापरे" करत होते. जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होते आणि खालून जाणारी प्रत्येक व्यक्ती माझ्याकडे बघतेय असं वाटत होतं.

"कोण असेल गं हा?" तिने विचारलं.

"कुणी का असेना. मुद्दा बरोबर आहे का ते बघ."

"मुद्दा बरोबर आहे, तोच तर त्रास आहे. बिनडोक असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते."

तिचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपतंय. त्याआधी निबंध स्वीकारला गेला तरच पुढचं बघू, असं तिच्या विभागप्रमुखांनी सांगितलंय. हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

म्हणून मीच तिला रस्ता सांगितला. प्रत्येक दुर्बिणीच्या संचालकांकडे थोडा राखीव वेळ असतो, अडीअडचणीसाठी. दोघांना अर्ज कर. मी मदत करते. फोन ठेवला तेव्हा हलकं वाटलं. तिच्या वाईटावर असते तर हे सांगितलं असतं का?

संचालक सहसा नाहीच म्हणतात, ही गोष्ट वेगळी.

१९ मार्च

दुपारभर फोनवर तिचा अर्ज नीट करत होतो. जुन्या दिवसांसारखं वाटलं. ती वाक्य वाचायची, मी मोडायचे, ती पुन्हा जोडायची. "ताई, तू आयुष्यात एकदा तरी 'छान आहे' म्हणून सोडून देशील का?" "छान असेल तेव्हा." दोघी हसलो.

शेवटी मी म्हटलं, "आणि तिसऱ्या आकृतीतली पार्श्वभूमी वेगळ्या रंगात दाखव, ती खळग्यात मिसळते."

ती म्हणाली, "तिसरी आकृती?"

अर्जाला एकच आकृती आहे. तिसरी निबंधात आहे.

"तूच मगाशी म्हणालीस ना," मी म्हटलं.

"हं. म्हणाले असेन."

नंतर ती पूर्वीसारखीच बोलली, उलट जरा जास्तच मऊ. थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी जिभेला आवर घालायला हवा.

२ एप्रिल

नवरा आज जेवताना म्हणाला, "तू हल्ली फार चांगली वागतेयस. काय केलंयस?"

खरंच. गेल्या पंधरवड्यात सासूबाईंना स्वतःहून दोनदा फोन केला, शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं, गटातल्या सगळ्यांची रजा न कुरकुरता मंजूर केली.

"माणूस चांगलं वागला तर तुला संशय येतो?"

"पेशंट एकदम गुणी झाला की आम्ही आधी नाडी बघतो," तो म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

१४ एप्रिल

दोन्ही संचालकांनी होकार दिला. दोन्ही! दुर्बिणींची वेळापत्रकं उघड असतात, त्यामुळे बातमी मला धाकटीआधी घाईकडून कळली. घाई म्हणजे माझी विद्यार्थिनी. चालताना पळते, बोलताना शब्द गिळते, तिरपीवरचा प्रबंध पुढच्या वर्षी द्यायचाय तर आत्तापासून मुखपृष्ठाचा रंग ठरवून बसलीय.

"मॅडम, कुणीतरी आपल्या आधी तिरपी बघतंय! ह्याच महिन्यात! आता काय?"

"आता काही नाही. आपण आपली बघू."

"त्यांचं आधी छापून आलं तर माझ्या प्रबंधात उरलं काय? एखाद्या रेफरीने अडकवून ठेवलं तर बरं होईल." आणि हसली.

मी तिच्यावर ओरडले. असं बोलतात का, कुणाच्या कष्टांबद्दल. तिचे डोळे भरून आले. नंतर ती कॉफी घेऊन माफी मागायला आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

८ मे

धाकटीला मिळालं. क्ष-किरणांतला खळगा होता तिथेच आहे, आणि अतिनीलमध्ये त्याच वेगाला एक उथळ, पसरट खळगा. चादरीवर कुणी बसून उठल्यावर राहतो तेवढाच. पण आहे.

फोनवर मला वाटलं होतं ती नाचेल. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याचमुळे झालं, ताई."

"माझ्यामुळे कसलं? रस्ता तेवढा दाखवला."

"तेच गं. दाखवलास."

निबंध नव्याने पाठवतेय. दोन-चार दिवसांत संपादक तो माझ्याकडेच पाठवतील.

३० मे

निबंध येऊन पडलाय. उघडला नाही. आमचं निरीक्षण आधी होऊ दे म्हटलं, म्हणजे निवाडा जास्त चांगला करता येईल. काल निरीक्षण झालं.

काहीही नाही. क्ष-किरणांत सपाट, अतिनीलमध्ये सपाट. तिरपी जागच्या जागी, प्रकाश तेवढाच, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. सकाळपासून घाई आणि मी एकाच पडद्याला डोकं लावून बसलो होतो. तिने प्रत्येक बटण तीनतीनदा दाबून पाहिलं.

"वाराच नाही, मॅडम," ती म्हणाली. मग खुर्चीतच उसळली. "म्हणजे ज्यांनी एप्रिलमध्ये बघितली त्यांनी वारा दिसला म्हटलं तर ते खोटे! आपण खोडून काढू. प्रबंधाला हे तर आणखी भारी."

वारे बदलतात, हे मी स्वतःच अहवालात लिहिलंय. एप्रिलमध्ये असलेला वारा मे महिन्यात थांबू शकतो. हे घाईला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू."

९ जून

दुसरा अहवाल पाठवला. लिहिलं, की नवी निरीक्षणं स्वागतार्ह आहेत. तथापि हजारो कृत्रिम आलेख तयार करून, केवळ गोंगाटातून असे दोन खळगे जुळून येण्याची शक्यता तपासावी. शिवाय वारा खरा असेल तर तो इतर वेळीही दिसावा. लेखिकेने ह्या दीर्घिकेच्या 'यापूर्वीच्या व यापुढच्या' निरीक्षणांचाही विचार करावा.

'यापुढच्या' हा शब्द घातल्यावर समाधान वाटलं. उद्या आमचा सपाट आलेख छापून आला तर ती तोंडघशी पडू नये, म्हणून ही सूचना. एका अर्थी तिला सावधच केलंय.

ऑगस्टपर्यंत हे सगळं होणार नाही, हे मला कळतं.

१७ जून

दुपारी धाकटीला फोन केला, काकूंनी उचलला. काकू म्हणजे तिची आई. जन्मभर शिवणकाम केलं. माझ्या पहिल्या परिषदेला घालायचा कोट त्यांनी रात्रीतून उसवून माझ्या मापाचा केला होता, आणि शिलाई विचारली तर कात्री उगारली होती.

"झोपलीय गं. दुपारची झोपते आता. मी म्हटलं झोपू दे."

"बरी आहे ना?"

"अंगाने बरी आहे. तूच समजाव तिला, तुझं ऐकते. तो कोण रेफरी की काय आहे ना, तो कोण ते तिला कळलंय म्हणे. मी म्हटलं नाव तरी सांग, दोन शिव्या मीही घालते. तर म्हणाली, नको आई, तिलाही तिची माणसं असतील."

"कोण आहे म्हणाली?"

"सांगेल तर ना! पोटात ठेवायची सवय आहे तिला."

म्हणजे बाई आहे असं धाकटीला वाटतं. आमच्या विषयात बायका थोड्या असल्या तरी आहेत. परदेशातली ती एक फार तिरकस लिहिते, धाकटीचा वहीम तिच्यावर असणार. दिवसभर त्याच विचारात होते. त्या बाईचा उगाच बळी.

२५ जून

संपादकांचा दोन ओळींचा मेल. लेखिकेने निबंध मागे घेतला आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहोत.

दार लावून घेतलं. घाई दोनदा ठोठावून गेली.

मला निबंध अडवायचा होता, संपवायचा नव्हता. असं लिहिलं आणि वाचलं. मानेवरचा हात काढून कुणी 'मला फक्त धरायचं होतं' म्हणावं तसं वाटतंय.

२८ जून

धाकटीने नोकरी धरली. खाद्यतेल तपासणाऱ्या कंपनीत. तेलातून प्रकाश सोडायचा आणि काय गिळलं जातंय त्यावरून भेसळ ओळखायची. "कामच तेच आहे, ताई," फोनवर म्हणाली. "फक्त दीर्घिका बाटलीत मावते."

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नवऱ्याने बाहेरून विचारलं, काय झालं. म्हटलं, धाकटीने संशोधन सोडलं. तो म्हणाला, "तू एवढं केलंस तिच्यासाठी, तरी?"

त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. "हो ना," म्हटलं.

१२ जुलै

सकाळच्या बसने धाकटीकडे गेले. विभागातली खोली ती रिकामी करत होती. खोली कसली, दोन कपाटांमधली फट. खोक्यांत पुस्तकं भरायला मदत केली. ती बारीक झालीय. केस कापलेत.

एक खोकं बांधून झाल्यावर तिने खिशातून डेटाची छोटी डिस्क काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"तिरपीचं सगळं आहे. आलेख, प्रोग्रॅम, सगळं. तू वापर."

"मी कशी वापरू? तुझं काम आहे."

"माझ्या एकटीचं असलं तर गोंगाट. तुझ्या एकटीचं असलं तर रिकामं. दोन्ही शेजारी ठेव. एप्रिलमध्ये वारा होता, मे महिन्यात नव्हता. आठवड्यांत सुरू होऊन थांबणारा वारा, ताई. दीर्घिकेतला वायू असा धक्क्याधक्क्याने बाहेर जात असेल तर तिथे तारे जन्मायचे केव्हा थांबतात हा सगळा हिशेबच बदलतो. नुसत्या वाऱ्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे."

मी डिस्क धरून उभी राहिले. एवढं सरळ होतं. दीड महिना सपाट आलेख माझ्यासमोर होता, आणि तिचा निबंधही, आणि माझ्या डोक्यात हे शिरलं नाही. मी कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं एवढंच मोजत बसले होते.

"तुझं नाव पहिलं," मी म्हटलं.

"बघ तुला कसं जमतंय. भाषण मात्र तू दे, मला रजा मिळायची नाही. आणि शेवटची स्लाइड मी करून देणार. ती बदलायची नाही."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. अर्ध्या वाटेत एकदम उमजलं. मे महिन्यात आम्ही तिरपी बघितली हे वेळापत्रकात आहे. ती रिकामी निघाली हे मी घाईशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. आणि 'यापुढच्या' ह्या एका शब्दातून. रेफरीच्या.

शेजारच्या बाईने विचारलं, बस लागते का, लिंबू देऊ?

१५ सप्टेंबर

निबंध स्वीकारला गेला. नवे रेफरी, कौतुकाने भरलेले अहवाल. पहिलं नाव धाकटीचं, दुसरं घाईचं, शेवटचं माझं. घाईला हे सगळं कसं जुळून आलं ते कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगत सुटलीय, मॅडमनी एका सोडून गेलेल्या संशोधिकेचं काम वाचवलं. दोनदा थांबवायला गेले. ती म्हणते, मॅडम, तुम्ही फार साध्या आहात.

धाकटीला फोन करायला घेते, आणि काय बोलायचं ते ठरत नाही. बोलणं होतं ते आकृत्यांवर, स्वल्पविरामांवर. ती विचारत नाही. मी सांगत नाही. आम्ही दोघी फार सभ्यपणे वागतोय.

६ ऑक्टोबर

परिषदेत भाषण झालं. सभागृह भरलं होतं, दाराशी लोक उभे. एप्रिल आणि मे शेजारी शेजारी पडद्यावर आले तेव्हा जी कुजबुज झाली, तिच्यासाठी माणसं आयुष्य घालवतात.

शेवटची स्लाइड मी आदल्या दिवशी पाहिली होती. धाकटीने लिहिलं होतं: "दोन्ही प्रकाशांत एकाच वेळी पाहा, असं आग्रहाने सांगणाऱ्या, मागे घेतलेल्या निबंधाच्या अनाम रेफरीचे मनापासून आभार. त्यांच्याशिवाय हा वारा सिद्ध झाला नसता." टोमणा नाही. मी पुष्कळ शोधला. प्रत्येक शब्द खरा आहे.

ती मोठ्याने वाचायची होती. घड्याळात वेळ होता. मी आकृतीवरून थेट 'धन्यवाद'वर गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या.

बाहेर येऊन तिला फोन केला. छान झालं म्हटलं.

"शेवटची स्लाइड दाखवलीस?"

"हो," मी म्हटलं.

"बरं."

चहाच्या वेळी घाई धावत आली. थेट प्रक्षेपण सगळीकडे दिसत होतं म्हणे, तिच्या आईने घरून बघितलं, कुणीही बघू शकत होतं. छान ना?

११ ऑक्टोबर

सुट्टीचा दिवस. न कळवता गेले. सकाळची पहिली बस. वाटेत वाक्यं जुळवत होते, अहवालासारखीच. दहा वेळा तासलेली.

दार धाकटीने उघडलं. हातात ओलं फडकं. मला बघून नवल केलं नाही. आत शिवणयंत्राचा आवाज येत होता. मी तिथेच, उंबऱ्यावर, "धाकटे, ते रेफरीचं..." एवढं म्हटलं, आणि तिने फडक्याचा हात वर केला.

"नको."

"मला सांगू दे."

"सांगितलंस की मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. माझ्याकडे उत्तर नाही. राग आहे, तो कधी असतो, कधी नसतो. तू सांगून मोकळी होशील, आणि मी तुला माफ करायचं की नाही ते ठरवत बसेन. ते काम मला नको. आधीच खूप कामं केली."

"मग मला सगळं दिलंस का?"

"तुला दिलं नाही गं. वारा खरा होता. तो माझ्याबरोबर बाटल्यांत बुडाला असता." तिने फडकं पिळलं. "आणि दुसरं कुणी इतकं बारकाईने वाचलंही नसतं. हे मी रागावलेली असतानाही म्हणते, म्हणजे बघ."

शिवणयंत्र थांबलं. "कोण आहे गं?" आतून काकू.

"ताई आलीय," धाकटीने सांगितलं. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "आईला ह्यातलं काही बोलायचं नाही. तिला तू आवडतेस. तेवढं तरी राहू दे."

काकू चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आल्या. माझे दोन्ही हात धरले. बोटं अजून तशीच खरखरीत. जेवायला बसवलंच. टेबलाशी तिघी. धाकटीचं छापून आलेलं नाव त्यांनी शेजारणीला, दूधवाल्याला, गॅस घेऊन येणाऱ्याला दाखवलंय. पहिलं नाव, हे बोट ठेवून.

"त्या मेल्या रेफरीने पोरीचा जीव काढला होता," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "तू होतीस म्हणून. नाहीतर आज हे नाव दिसलं असतं का? तुझे उपकार कसे फेडायचे, सांग."

धाकटी पाण्याचा पेला भरत होती. तिने वर बघितलं नाही.

"असं काय काकू," मी म्हटलं.

"घे अजून. काही खाल्लं नाहीस. लाजतेस काय आमच्याकडे?"

मी ताट पुढे केलं.